बद्द वाजलेला खांब

आमच्या दाजींचा उजवा कान दिसायला साधाच होता. जरा मोठा, वर चार केस आलेले आणि मागे पेन्सिल खोचलेली. पण लाकडाच्या बाबतीत त्या कानाला जे कळायचं ते शिकून येत नाही. तुळईवर मधल्या बोटाचं पेर दोनदा आपटायचं, टक टक, मान जरा तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. सुकं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं. एवढंच शास्त्र. मीही तेच ऐकत बत्तीस वर्षं काढली, पण दहातल्या तीन वेळा माझं चुकायचं. दाजींचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

मी त्यांचा मेव्हणा. माझी थोरली बहीण त्यांना दिली आणि तिच्या ट्रंकेमागोमाग मीही त्यांच्या लाकडाच्या वखारीत दाखल झालो. करवत माझ्याकडे. डाव्या हाताच्या करंगळीचं एक पेर त्या करवतीनं घेतलंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही, चूक माझीच होती. माझी तक्रार दाजींबद्दल आहे. गावातल्या मुलींच्या शाळेच्या नव्या दालनावर छप्पर चढलं. त्याखाली दोनशे मुली बसणार होत्या, त्यातली एक माझी नात, इयत्ता चौथी. त्या छपराबद्दल मला दाजींच्या तोंडून एकच शब्द हवा होता: ओलं. हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात हजारदा उच्चारला असेल. पण तेव्हा ते बांधकाम मंत्री होते, आणि मंत्र्याच्या घशातून तो शब्द बाहेर काढणं म्हणजे काय असतं ते मी सांगतो.

आधी ओलं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. पाडलेलं झाड आतून पाण्यानं भरलेलं असतं. ते कापून, थरांवर थर रचून, मधे पट्ट्या घालून वाऱ्यावर ठेवावं लागतं. फळीला काही महिने, जाड तुळईला दोन-तीन वर्षं. घाई करून ओलंच वापरलं तर ते छपरात बसल्यावर वाळतं. वाळताना पिळतं, आखडतं, सांध्यातून निसटतं. मग वरच्या कौलांचं ओझं कुणाच्या डोक्यावर यायचं ते यायचं.

दाजींच्या वखारीत म्हणून तीन वर्षांचं लाकूड नेहमी रचलेलं असे. फाटकातून आत आलं की उजवीकडे ओंडके, डावीकडे करवतीची शेड, आणि मागे त्या थरांच्या गल्ल्या, एका वेळी एकच माणूस जाईल एवढ्या. प्रत्येक थरावर खडूनं महिना लिहिलेला. गिऱ्हाईक कितीही नडलेलं असो, खडूचा महिना भरल्याशिवाय फळी हलायची नाही. एकदा एक नाववाला आला. नाव किनाऱ्यावर उघडी पडलीय, आजच्या आज फळ्या हव्यात म्हणाला. दाजींनी टक टक केलं.

"ओलं आहे. दोन महिन्यांनी ये."

"मग मी दुसरीकडून घेतो."

"घे ना. पोहायला मात्र शिकून घे."

नाववाला शिव्या देत गेला आणि दोन महिन्यांनी निमूटपणे परत आला. असा हा माणूस. लग्न ठरवायला आमच्या घरी आले तेव्हा आमच्या वडिलांच्या टेबलावरही त्यांनी बोट आपटलं आणि होणाऱ्या सासऱ्याला तोंडावर सांगितलं की सुतारानं तुम्हाला फसवलंय. वडिलांचा चेहरा पडला. आत ताईला मात्र हसू आवरेना. तिनं तिथल्या तिथे होकार कळवला. बाजारात त्यांना टकटकशेठ म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं, वरवर कपाळाला आठ्या घालत असले तरी.

आता असा माणूस राजकारणात जाईलच कशाला? तर एका व्यासपीठामुळे. निवडणुकीचे दिवस होते. एका पक्षाला सभेसाठी व्यासपीठ हवं होतं, ते आमच्या वखारीतून गेलं. सभेच्या दिवशी दाजी ते बघायला गेले, तर वर पुढाऱ्यांची ही गर्दी. जो उठतो तो व्यासपीठावर. दाजींनी खालून खांबावर टक टक केलं आणि पक्षाच्या अध्यक्षांना सांगितलं, "यातले सहा जण उतरवा. लाकूड चांगलं आहे, पण मी तेरा जणांसाठी बांधलंय." आता पुढाऱ्याला व्यासपीठावरून खाली उतर म्हणणारा माणूस त्या अध्यक्षांनी जन्मात पाहिला नव्हता. ज्या सहा जणांना कसं कटवावं म्हणून ते वर्षभर डोकं खाजवत होते, ते सहा जण सुताराच्या कारणानं आपोआप खाली आले. आणि दैव बघा, त्याच आठवड्यात विरुद्ध पक्षाचं व्यासपीठ, दुसऱ्या वखारीचं, भर भाषणात उमेदवारासकट बसलं. उमेदवाराचा पाय मोडला. गावभर एकच चर्चा. पुढच्या निवडणुकीचं तिकीट दाजींच्या घरी चालत आलं.

दाजींना भाषण येत नव्हतं. पहिल्या सभेत उभे राहिले, घाम फुटला, आणि मग जे येत होतं तेच बोलले. लाकूड कसं वाळवायचं, गाठ कशी ओळखायची, ओल्या लाकडाला ओलं म्हणायला का घाबरू नये. पाऊण तास. लोकांना वाटलं, हा सरकारबद्दल बोलतोय. काय टाळ्या पडल्या म्हणता. दुसऱ्या दिवशी भिंतीभिंतीवर रंगवलं होतं, 'ओल्याला ओलं म्हणणारा माणूस'. निवडून आले, आणि चांगले दणदणीत आले. मी ट्रकच्या टपावर बसून घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. आज आठवलं की लाज वाटते, पण ओरडलो होतो हे खरं.

मग ते राजधानीत गेले, प्रांताच्या सभागृहात. तिथे मागच्या रांगेत जागा मिळाली. आता तिथली रीत अशी की कुणाचं बोलणं पसंत पडलं की सभासद समोरचं बाक वाजवतात. ही रीत दाजींना कुणी सांगितलीच नव्हती. मुख्यमंत्री काहीतरी वाचून दाखवत होते, दुपारची वेळ, निम्मं सभागृह पेंगलेलं. दाजी नवीन जागी बसले की जे करायचे तेच त्यांनी केलं. बाकावर बोट आपटलं. टक टक. शेजारचे सभासद दचकून जागे झाले. त्यांना वाटलं, आपल्या साहेबांचं काहीतरी चांगलं वाक्य निसटलं. त्यांनी दोन्ही हातांनी बाक बडवायला सुरुवात केली. त्यांचं बघून पुढच्यांनी, त्यांचं बघून सगळ्यांनी. मुख्यमंत्री वाचता वाचता थांबले, गदगदले, आणि नंतर चौकशी केली की सुरुवात कुणी केली.

दाजी घरी आले आणि ताईला म्हणाले, "अगं, मी नुसतं बाक बघत होतो. चांगलं मुरलेलं आहे." ताई हसून हसून खाली बसली. पण आठवड्यानं पत्र आलं, दाजींना एका समितीचं अध्यक्ष केलं होतं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि त्या दिवशी ते हसले नाहीत. तिथेच घोटाळा झाला. पुढच्या अधिवेशनात त्यांनी मुद्दाम वाजवलं. मग रोज वाजवू लागले. पूर्वी बोट आपटून ते कान लावायचे, आता बोट आपटून मुख्यमंत्र्यांकडे बघायचे. पाच वर्षांत बांधकाम मंत्री झाले. शाळा, दवाखाने, पूल, प्रांतात जे काही उभं राहायचं त्यावर शेवटची सही त्यांची. उद्घाटनाला गेले की भिंतीवर टक टक करायचे, फोटो निघायचा, खाली ओळ यायची, 'मंत्रिमहोदयांनी स्वतः खात्री करून घेतली'. भिंत विटांची असली तरी. काचेच्या दारावरही एकदा केलेलं मी वर्तमानपत्रात पाहिलंय.

वखार आता त्यांच्या मुलाकडे होती. माझा भाचा. वाईट नाही पोरगा, पण त्याला थांबणं माहीत नाही. थरांच्या गल्ल्या वर्षभरात रिकाम्या झाल्या. खडू तर कुठे गेला देव जाणे. आणि मग मुलींच्या शाळेच्या दालनाचं काम निघालं. काम भलत्याच कुणाच्या नावावर, लाकूड मात्र आमच्या वखारीचं. मुदत तीन महिने. ओंडके आले तेच सालीवर चिखल घेऊन. मी करवत लावली तर पात्यातून पाणी उडालं माझ्या तोंडावर.

"हे छपराला घालायचं?" मी विचारलं.

"मामा, वर चढल्यावर वाळेल की. तिथे वारा चांगला लागतो," भाचा म्हणाला.

"आणि पोरी?"

"वरून जाड रंगाचे दोन हात मारतोय. पंचवीस वर्षं काही होत नाही."

मी भांडलो. चांगला कडाडून भांडलो. आणि भांडून झाल्यावर कापलं. हे लपवण्यात अर्थ नाही. चौदा तुळया आणि आठ खांब या हातांनी कापले. मनाची समजूत घातली की शेवटी सही दाजींची आहे, दाजी बघतील, आणि दाजींनी बघितलं की संपलं.

म्हणून राजधानीत त्यांच्याकडे गेलो. मंत्र्यांच्या बंगल्यात बाहेरच्या खोलीत चिठ्ठी द्यावी लागते. कामाचं स्वरूप, असं लिहिलेल्या रकान्यात मी 'लाकूड' लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात 'बहिणीचा नवरा'. दोन तास बसलो. तिथली खुर्ची अशी गुळगुळीत की माणूस घसरत घसरत आपोआप नम्र होतो. आत गेलो तर दाजी मोठ्या टेबलामागे, कानावर पेन्सिल नाही, केस काळेभोर.

"दाजी, शाळेचं लाकूड ओलं आहे."

त्यांनी एक फाइल पुढे ओढली. "तपासणीचा अहवाल आलाय. ओलाव्याचं प्रमाण समाधानकारक."

"कुणाच्या समाधानाचं? मी कापलंय ते. माझं तोंड भिजलं."

"अरे, तू भावनेच्या भरात बोलतोस."

"मग तुम्ही एकदा बोटानं वाजवून बघा. जास्त काही मागत नाही. तुम्ही खणखणीत म्हणालात तर मी नातीला पहिल्या रांगेत बसवीन."

त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. मला वाटलं, आता उठतात. पण त्यांनी पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, "उद्घाटनाला येणारच आहे. तेव्हा बघू." आणि घंटी वाजवली. माझ्यासाठी, बाहेर न्यायला. सख्ख्या मेव्हण्याला घंटी वाजवून बाहेर काढलं, आणि मीही 'येतो' म्हणून हात जोडून बाहेर आलो.

उद्घाटनाच्या दिवशी दालन नटलं होतं. पिवळा तेलकट रंग, नाकाला झोंबणारा वास, नवी बाकं, फळ्यावर रंगीत खडूनं 'स्वागतम्'. मुली अजून पटांगणात रांगेत उभ्या. माझी नात तिसरी, तिला पुष्पगुच्छ द्यायचा होता. आत पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या, मधोमध मंत्र्यांची गादीवाली. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या होत्या. किडकिडीत, चष्म्याला दोरी बांधलेली, बोलणं कमी. मी खांबाजवळ जाऊन थांबलो होतो, मुद्दामच.

दाजी आले. मागे सचिव, भाचा, कॅमेरेवाला. नेहमीप्रमाणे त्यांनी खांबावर बोट आपटलं, तोंड कॅमेऱ्याकडे. टक टक. कॅमेरेवाला म्हणाला, "साहेब, डोळे मिटले गेले, परत एकदा." त्यांनी परत आपटलं. आणि या वेळी, शपथेवर सांगतो, मान तिरकी झाली. कित्येक वर्षांनी. आवाज असा बद्द आला की शेजारी उभ्या असलेल्या शिपायालाही कळला असेल. दाजींनी हळूच वर बघितलं, एकेक तुळई मोजत गेल्यासारखं, चौदाच्या चौदा. चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग त्यांची नजर माझ्याकडे आली. मी मनात म्हणत होतो, म्हणा दाजी, म्हणून टाका, तुम्हाला येतं ते.

ते सचिवाकडे वळले आणि त्याच्या कानात काहीतरी बोलले. सचिवानं टाळी वाजवली. "साहेबांची इच्छा आहे, कार्यक्रम मोकळ्या हवेत घ्यावा."

खुर्च्या बाहेर निघाल्या. गादीवाली सगळ्यात आधी. पटांगणात उन्हात त्या मांडल्या गेल्या, आणि दाजींनी अर्धा तास भाषण केलं. इतकं भक्कम छप्पर आपण पाहिलं नाही म्हणाले. मुलींनी उघड्यावर, निसर्गाच्या सान्निध्यात शिकावं, मोकळ्या हवेसारखा शिक्षक नाही म्हणाले. काळ्या केसांतून कानशिलावर काळा घाम ओघळत होता. फीत कापली ती दाराच्या बाहेर उभं राहून. भाच्यानंही आत पाऊल टाकलं नाही. एकाही टोपीवाल्यानं टाकलं नाही. चहासुद्धा पटांगणात.

गाड्या गेल्या. मी सायकल काढत होतो तर मोठ्या बाई आल्या.

"काका, तुम्ही वखारीतले ना?"

"हो."

"खुर्च्या बाहेर का काढल्या?"

मी हँडल पुसत राहिलो. समोर नात पुष्पगुच्छाचा उरलेला कागद घडी घालत होती. मी म्हणालो, "मोकळी हवा, बाई. साहेब म्हणाले ना." आणि मग, कसंबसं, "साहेब जिथे बसले नाहीत तिथे बाकीच्यांनी तरी कशाला बसावं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्याला पत्र पाठवलं. मंत्रिमहोदयांच्या प्रेरणादायी सूचनेनुसार शाळेचे सर्व वर्ग यापुढे पटांगणात भरतील, कळावे. सोबत भाषणाचं कात्रण. आता मंत्र्याच्या भाषणाला नाही कोण म्हणणार? खात्यानं उलट अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि तीन शाळांना हाच उपक्रम राबवायला सांगितलं. नव्या दालनाला बाईंनी कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पिशवीत ठेवली. पटांगणात मुली रुमाल डोक्याला बांधून पाढे म्हणत होत्या. दाजींना त्याच उपक्रमाबद्दल कुठलं तरी मानचिन्ह मिळालं, तेही लाकडी.

पाच महिन्यांनी, कडक उन्हाळ्यात, भर दुपारी, मुली चिंचेखाली नकाशा काढत असताना आतून आवाज आला. आधी करकर, मग सगळं एकदम. चौदातल्या नऊ तुळया बाकांवर. खिडकीतून धुळीचा लोट निघाला तो पार रस्त्यापर्यंत. पाढे म्हणणारा एक वर्ग थांबला, बाकी काही झालं नाही. कुणाला खरचटलंदेखील नाही.

संध्याकाळी दाजी गावातल्या घरी आले. गाडी वेशीवर सोडून, पायी. ताईनं मलाही बोलावून घेतलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसलो. माझा सगळा राग उफाळून आला. मी म्हणालो, "दाजी, तुम्हाला कळलं होतं. त्या क्षणी कळलं होतं. तुम्ही स्वतःची खुर्ची बाहेर काढलीत आणि माझ्या नातीचं बाक आत ठेवलंत. एक शब्द बोलायला काय होत होतं?"

दाजींनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तू आहेस तिथे. तू सांगशील."

हे ते दाजी म्हणून बोलले की मंत्री म्हणून, मला अजून कळलेलं नाही. ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती, ती वळली.

"आणि तू सांगितलंस?" तिनं मला विचारलं.

"म्हणजे, बाईंना मी सुचवलं..."

"ओलं आहे, असं म्हणालास?"

मी मान खाली घातली.

"नाही ना? एकानं कापलं, एकानं ओळखलं, आणि दोघांनी मोकळ्या हवेचं कौतुक केलं. पोरी जगल्या त्या परक्या बाईमुळे," ताई म्हणाली. तिनं आम्हा दोघांपुढे ताटं ठेवली, दिवा लावला आणि आम्हाला तसंच बसवून मोठ्या बाईंच्या घरी निघून गेली.